आधीचा श्वास

१

शूटिंग सुरू करण्याआधी रुपरावजींच्या घरातलं सगळं बंद करावं लागे. आधी कूलर, मग पंखा, मग फ्रिज. नूपुर स्वतः उठून एकेक बटण बंद करी. एप्रिलचा दुसरा आठवडा आणि नागपूरची दुपार. कूलर थांबला की दहा मिनिटांत खोलीतल्या भिंती हाताला गरम लागायच्या. पण तो घरघरत असला की माईकला दुसरं काही ऐकूच जात नसे, त्यामुळे इलाज नव्हता.

घर शहराच्या कडेला, हुडकेश्वरच्या एका नव्या लेआउटमधलं. आजूबाजूचे निम्मे प्लॉट अजून रिकामे, त्यामुळे बाहेरचा आवाज जवळजवळ नाही. समोरची खोली वाजवायची. तिला रस्त्याकडे एक खिडकी, आणि मागच्या खोलीत जायच्या दारावर हिरवा फुलाफुलांचा पडदा. त्या पडद्याकडे पाठ करून एका लोखंडी खुर्चीवर रुपरावजी बसत आणि मांडीवर क्लॅरिनेट घेत.

ते मूळचे भिवापूरकडचे. शेती भावांवर सोडून अठराव्या वर्षी नागपुरात आले आणि इतवारीतल्या एका बँड पार्टीत चाळीस वर्षं वाजवत राहिले. वरातींनी घर चालवलं, पण त्यांचा जीव होता तो चाली बांधण्यात. उमरेड, कुही, भिवापूर या भागातली भजनी मंडळं त्यांना शब्द पाठवत, ते चाल लावत आणि फोनवर वाजवून दाखवत. शंभरेक गावांत त्यांच्या चाली गायल्या जात होत्या आणि त्या कोणाच्या, हे गाणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. नूपुरला हे कळलं ते तिच्या आत्याच्या मंडळामुळे. दहा वर्षं तिनं दुसऱ्यांच्या फिल्मचं संकलन केलं होतं. रुपरावजींवरची ही तिची स्वतःची पहिली फिल्म होती.

चाल बांधायची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. ते कागदावर काही लिहीत नसत. डब्यातून मूठभर चिंचोके काढायचे आणि जमिनीवर मांडत जायचे. तीन चिंचोके, मग बोटभर जागा, मग चार, मग परत जागा. एक चिंचोका म्हणजे एक सूर आणि मोकळी जागा म्हणजे दम घ्यायची जागा.

दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला होता. उजवं फुप्फुस निम्मं गेलं. डॉक्टरांनी वाजवणं बंद करायला सांगितलं आणि आठ महिने क्लॅरिनेटची पेटी कपाटावर पडून राहिली.

"मग परत कसं सुरू झालं, काकाजी?" नूपुरनं पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यासमोर विचारलं.

"झालं बा," ते हसून म्हणाले आणि पुढचा चिंचोका ठेवला.

त्यानंतरच्या वर्षभरात त्यांनी अकरा नव्या चाली बांधल्या होत्या. इतक्या एका वर्षात त्यांनी तरुणपणीही कधी बांधल्या नव्हत्या.

२

नूपुर नागपुरातच मनीषनगरला राहायची. तिसऱ्या शूटिंगनंतरच्या सकाळी ऋषी तिच्याकडे आला. तो तिच्या फिल्मचा ध्वनिमुद्रक. कॉलेजपासूनचा मित्र, कमी बोलणारा आणि कामात चोख. चहा पुढे ठेवला तरी त्यानं हात लावला नाही. लॅपटॉप उघडून हेडफोन तिच्या कानांवर चढवले.

"डोळे मिटून ऐक."

आधी रिकाम्या खोलीचा आवाज आला. मग कोणीतरी तोंडानं श्वास घेतला. लांब, सावकाश, वाजवणारा माणूस वाक्य सुरू करण्याआधी घेतो तसा. त्याच्यामागून आणखी एक श्वास आला. हा आखूड होता आणि त्यात बारीकशी शिट्टी होती. ही रुपरावजींच्या फुप्फुसातली शिट्टी ती ओळखत होती. आणि मग सूर लागला.

तिनं मागे नेऊन परत ऐकलं. दोन श्वास, मग सूर. पुढच्या ओळीलाही तेच.

"माईक दोन आहेत ना," ती म्हणाली. "एकाचा आवाज उशिरा येत असेल."

"मला बी तेच वाटलं. पण मग सूर पण दोनदा यायला पाहिजे. श्वासच काहून दोनदा येतो?"

ऋषीनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "त्यांच्या कॉलरला लावलेल्या माईकवर पहिला श्वास अगदी हलका आहे. खोलीतल्या माईकवर मोठा आहे. म्हणजे तो त्यांच्या छातीतून नाही आला."

"मग मी असेन. ते वाजवणार म्हटलं की मी श्वास ओढून धरते. मला सवय आहे."

ऋषीनं थोडा विचार केला आणि मान डोलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला तिला दिसला. त्यानं गार झालेला चहा एका घोटात संपवला. कारण सापडलं होतं आणि ते दोघांनाही पुरेसं वाटलं.

३

पुढच्या वेळी नूपुरनं कॅमेरा लावून ठेवला आणि ती बाहेर ओसरीवर जाऊन बसली. ऋषीही यंत्र घेऊन तिच्याशेजारी आला. दार लोटून घेतलं. आत रुपरावजी एकटे होते.

ऋषीनं एक हेडफोन तिच्याकडे दिला. दोघं ऐकत बसले. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर ऊन नुसतं रखरखत होतं, आणि कानात मात्र ती बंद खोली होती. लांबलचक श्वास आला. मग जरा वेळानं शिट्टीचा आखूड श्वास. मग ओळ.

नूपुरनं ऋषीकडे पाहिलं. तो घड्याळ पाहत होता.

"एकतीस सेकंद," ओळ संपल्यावर तो म्हणाला. "एका दमात. पहिल्या दिवशी त्यांची सगळ्यात लांब ओळ नऊ सेकंदांची होती. परवा चौदा. बहात्तर वर्षांचा माणूस आहे, नूपुर. दीड फुप्फुसाचा."

ती आत गेली तेव्हा रुपरावजी टॉवेलनं मान पुसत होते. चेहरा लाल, डोळे चमकत होते. जमिनीवरचे चिंचोके आता तीन-चारच्या गटांत नव्हते. एकच ओळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली होती आणि तिच्यात बोटभर जागासुद्धा कुठे सोडलेली नव्हती.

सुभद्राकाकू स्वयंपाकघरात मुगाची डाळ निवडत होत्या. रुपरावजींच्या पत्नी, बुटक्या, काटक, कामातून डोकं वर न काढणाऱ्या. नूपुर पाणी प्यायला म्हणून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"काकू, तुम्ही कधी ऐकायला येत नाही समोर."

"नाही येत."

"आवडत नाही का काकांचं वाजवणं?"

"त्याच्यावरच तर माह्या बापानं पोरगी देल्ली." काकूंच्या तोंडावर क्षणभर हसू आलं आणि गेलं. "आता नाही बसत मी तिथं. सकाळी झाडायला जातो, तेवढंच. दुपारी त्या खोलीत हवा पुरत नाही."

"गरम होतं म्हणून?"

"गरम तर सारं घर आहे, बाई." त्यांनी सुपातला खडा उचलून बाजूला ठेवला. "हवा पुरत नाही म्हटलं मी. तुम्ही दोघं किती वेळ बसता तिथं? जपून बसत जा."

घरी जाताना नूपुरनं स्वतःला समजावलं. बंद खोली, चाळीसच्या वर पारा आणि तीन माणसं. हवा कमी वाटणारच. पण आज आत तीन माणसं नव्हती, एकच होतं, हे तिला मनीषनगरच्या वळणावर आठवलं.

४

मग तिनं सरळ विचारायचं ठरवलं. कॅमेरा सुरू केला आणि म्हणाली, "काकाजी, तुम्ही वाजवायच्या आधी कोणीतरी श्वास घेतं."

रुपरावजी क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची वेताची पत्ती ओठांत ओली करत होते. ती त्यांनी बाहेर काढली. ते दचकले नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलला.

"तुले बी ऐकू आलं? मले वाटे मीच येडा झालो. सुभद्रेले ऐकू येते, पण ती कबूल नाही करत."

"कोण आहे ते?"

"मले काय माहीत, बेटा." त्यांनी पत्ती उजेडात धरून पाहिली. "मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. इथंच बसलो होतो. आठ महिन्यांनी बाजा हाती घेतला होता. चार सूर झाले का खोकला ये. म्हटलं, रुपराव, झालं तुह्यं, ठेवून दे आता कायमचा. अन् माह्या बाजूनं कोणंतरी दम घेतला. असा मोठा. बँडमधे बाजूच्यानं दम घेतला का आपण बी घेतो न, बरोबर उचलायसाठी. सवयच असते. मी घेतला, अन् वाजलं. पुरी ओळ वाजली, खोकला नाही, काही नाही."

"मग तुम्ही वळून पाहिलं?"

"पाहिलं न. कोणी नव्हतं."

"भीती नाही वाटली?"

"भीती?" "मी रडलो वं. तोंडावर हात ठेवून रडलो. चाळीस वर्षं ज्याच्यावर जगलो ते परत भेटलं, तर कोण भेईन?"

नूपुरनं कॅमेऱ्यामागून विचारलं, "आणि चाली? त्या कोणाच्या?"

"चाली माह्याच. दम त्याचा." मग जमिनीवरच्या चिंचोक्यांकडे पाहत ते हळू आवाजात म्हणाले, "आधी तरी माह्याच होत्या. आता तो जेवढा दम घेते, तेवढी ओळ बांधा लागते. रोज थोडा जास्तच घेते तो."

ऋषी सहसा मुलाखतीत बोलत नसे. त्यानं हेडफोन मानेवर घेतले.

"काकाजी, तो श्वास घेतो ते ऐकू येतं. पण सोडताना कधी ऐकू येत नाही. इतक्या दिवसांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकदा पण नाही. मी सगळं तपासलं."

रुपरावजींनी मांडीवरच्या क्लॅरिनेटवरून हात फिरवला. खोलीत कूलर बंद होता, पंखा बंद होता. पडद्यावरची फुलं जिथल्या तिथं होती.

"माह्या बाजातून सोडत असन," ते म्हणाले.

५

त्या संध्याकाळी गाडीशी उभं राहून ऋषी म्हणाला, "आता बंद करू. आपल्याकडे पुरेसं आहे."

पुरेसं नव्हतं. माहितीपट दाखवणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेनं फिल्मचा तुकडा पाहिला होता आणि त्यांना तिच्या शेवटी एक पूर्ण चाल हवी होती, न कापलेली, एका दमाच्या लांब ओळींची. असं वाजवणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. नूपुरनं त्यांचं पत्र तीनदा वाचलं होतं.

"एक टेक," ती म्हणाली. "शेवटचा."

"काकूंना विचारलं?"

"काका तयार आहेत."

ऋषीनं सामान ठेवून डिकी लावली.

सव्वीस एप्रिल, दुपारचे तीन. नूपुरनं कूलर, पंखा, फ्रिज बंद केला. खिडकी लावून घेतली. रुपरावजींनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. चिंचोक्यांची ओळ आज भिंतीशी थांबली नव्हती. खोली ओलांडून ती पडद्याखालून मागच्या खोलीत गेली होती. तिचा शेवट कुठे आहे ते नूपुरनं पाहिलं नाही.

तिनं कॅमेरा सुरू केला आणि मान हलवली.

तो श्वास आज तिला हेडफोनशिवाय ऐकू आला. रुपरावजींच्या मागून, डावीकडून. सुरुवात हलकी होती आणि मग तो वाढत गेला. माणसाची छाती जिथं भरते तिथं तो थांबला नाही, आणखी आत जात राहिला. रुपरावजींनीही श्वास घेतला. त्यांचे खांदे वर उचलले गेले. क्लॅरिनेट ओठांत, बोटं जागेवर, डोळे मिटलेले.

आणि सगळं थांबलं.

सूर लागला नाही. रुपरावजी वाट पाहत होते. नूपुर कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघत होती. कोपऱ्यात सेकंद पळत होते. वीस, एकवीस. खिडकीच्या फटीतला उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता, आणि दृश्य किती सुंदर आहे असं तिच्या मनात आलं. हा विचार तिला पुढे अनेक दिवस टोचत राहिला.

पस्तिसाव्या सेकंदाला तिला पडदा दिसला. दारावरचा हिरवा पडदा आत, खोलीच्या बाजूला ओढला गेला होता. खालची कड जमिनीपासून वीतभर उचललेली, कापड ताणलेलं, आणि तो परत जात नव्हता. वाऱ्यानं उडालेला पडदा हलतो. हा कोणीतरी तोंडानं ओढून धरावा तसा नुसता ताणून राहिला होता.

पडदा आणि खुर्ची यांच्यामध्ये हातभर जागा होती. तिथले चिंचोके ओळ सोडून सरकत होते. एकेक करून, अगदी सावकाश. ते एका ठिकाणी गोळा झाले आणि थबकले. त्यांच्या मधोमध फरशीचे दोन तुकडे मोकळे राहिले होते. दोन पावलांच्या मापाचे, शेजारी शेजारी.

हे काय असेल याचा विचार करायला तिनं सुरुवात केली आणि तिच्या लक्षात आलं की आपली छाती दुखते आहे. तिनं श्वास सोडलेला नव्हता. कधीपासून, ते आठवत नव्हतं. नुसतं तोंड उघडायचं आहे, ती स्वतःला सांगत होती, तोंड उघडलं की सुटेल. तोंड उघडलं. काही सुटलं नाही. आतली हवा आपली नसल्यासारखी आतच उभी होती.

तिनं ऋषीकडे पाहिलं. तो दोन्ही हातांनी हेडफोन दाबून बसला होता, ओठ आवळलेले, कपाळावरची शीर वर आलेली. रुपरावजींचे ओठ जांभळे झाले होते. एकोणसाठ, साठ, एकसष्ट.

ती उठली. पाय चालत होते. कॅमेऱ्याची तिवई तिच्या धक्क्यानं कलंडली, तिनं ती सावरली नाही. रुपरावजींच्या हातातून तिनं क्लॅरिनेट ओढलं. त्यांनी ते सोडलं नाही. डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या डोळ्यांत विनवणी होती. अजून नको. येऊन राहिली ओळ, जराशी थांब.

तिनं त्यांच्या काखेत हात घातला आणि सगळ्या ताकदीनिशी त्यांना खुर्चीवरून खाली खेचलं. दोघं एकदम फरशीवर आदळले. त्या आदळण्यानं तिच्या छातीतली हवा हुंदक्यासारखी बाहेर पडली. रुपरावजींची पडली ती क्लॅरिनेटमधून, आणि कर्कश, बेसूर किंकाळीसारखा एक आवाज निघाला.

मग तो दुसरा सुटला.

तिच्या कानाच्या अगदी जवळून, गरम आणि ओलसर. एक माणूस जेवढा श्वास सोडेल तेवढा झाला, तरी तो थांबला नाही. पडदा उलट्या बाजूनं फुगून मागच्या खोलीत गेला. चिंचोके घरभर उधळले. खिडकीचं तावदान थरथरलं, समोरचं दार आपटलं, बाहेरच्या फाटकाची कडी वाजत राहिली. वर्षभर आत घेतलेलं सगळं बाहेर जात होतं. नूपुरनं डोळे गच्च मिटून घेतले होते आणि रुपरावजींचा सदरा मुठीत धरला होता.

हळूहळू तो विरळ झाला. शेवटी नुसती कडी वाजली, एकदा, आणि थांबली.

६

त्यानंतर त्या खोलीत फक्त तीन माणसांचं धापा टाकणं होतं. नूपुरनं ते ऐकलं. तिन्ही श्वास वेगवेगळे, ओबडधोबड, एकमेकांत न मिसळणारे. ऋषी भिंतीला टेकून जोरजोरात खोकत होता. रुपरावजींच्या छातीतली शिट्टी ऐकून तिला रडू फुटलं.

सुभद्राकाकू आतून धावत आल्या. हात पिठानं भरलेले. त्यांनी नवऱ्याला आधी बसवलं, पाठीवर दोन थापट्या दिल्या आणि तोंडाला पाण्याचा पेला लावला. मग खोलीभर नजर फिरवली.

"उठ वं पोरी," त्या नूपुरला म्हणाल्या. "लागलं काय कुठं? खिडकी उघड आधी."

नूपुरनं खिडकी उघडली. बाहेरची झळ आत आली, आणि ती तिला इतकी चांगली वाटली की ती गजांना धरून तशीच उभी राहिली.

दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे, ऊन लागलं असेल, बाकी छाती वयाच्या मानानं बरी आहे. काकूंनी ते दोनदा विचारून घेतलं.

रुपरावजी मात्र नूपुरशी बोलले नाहीत. घरी परतताना गाडीत एकदाच म्हणाले, "तू माह्यी ओळ तोडली." एका म्हाताऱ्या माणसाकडून त्याला परत मिळालेली एकमेव गोष्ट आपण हिसकावून घेतली, असं तिला त्या आठवड्यात रोज वाटलं. आणि रोज त्यांचे जांभळे ओठ आठवून, बरं झालं, असंही वाटलं.

आठव्या दिवशी सकाळी फोन आला.

"तो आला नाही परत," रुपरावजी म्हणाले. नमस्कार नाही, चौकशी नाही. "मी वाट पाहिली. खोटं काहून बोलू? रोज दुपारी बसलो, कान देऊन. नाही आला."

"काकाजी, माझं चुकलं असेल तर…"

"ऐक तर. काल मग मीच घेतला दम. माह्या माह्या मनानं. सहा सूर वाजले. मग आला खोकला. पण सहा वाजले न, बेटा."

मागून काकूंचा आवाज आला. "सात होते. मी मोजले."

"ही आता समोर येऊन बसते," रुपरावजी म्हणाले. तक्रार असल्यासारखं म्हणाले, पण आवाजातला आनंद लपत नव्हता. "म्हणते, सात झाले. सहाच होते."

"सात," काकू म्हणाल्या.

नूपुर फोन कानाला लावून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. पोळी तव्यावर करपली तरी तिला कळलं नाही.

त्या दिवशीची फीत तिच्याकडे आहे. एक मिनिट चौदा सेकंदांची, आणि मग कॅमेरा पडल्यावरची जमीन. तिनं ती पाहिलेली नाही, ऋषीनं ऐकलेली नाही. पुण्याच्या संस्थेला तिनं कळवलं की लांब ओळींची चाल मिळणार नाही, शेवट वेगळा असेल. त्यांचं उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा त्यांनी इतकंच लिहिलं होतं, ठीक आहे, पाठवा. शेवट कोणता, हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

७

मे महिन्यात रुपरावजींच्या धाकट्या भावाच्या नातीचं, काजलचं, लग्न होतं. भिवापूरपासून चार किलोमीटरवरच्या गावात. "शूटिंग करा न करा, जेवायला तर या," असं काकूंनी बजावलं होतं. नूपुर आणि ऋषी सकाळीच पोचले.

मांडवात साडेचारशे माणसं असतील. पंखे गरगरत होते, जनरेटर चालला होता, पोरं खुर्च्या ओढत होती, माईकवरून कोणीतरी मामाला बोलवत होतं. आवाज टिपायला याहून वाईट जागा सापडली नसती. नूपुरनं काहीही बंद करायला सांगितलं नाही.

गावातला बँड पाच जणांचा होता. रुपरावजींना त्यांनी खुर्ची दिली. पांढऱ्या सदऱ्यावर फेटा बांधून ते मधोमध बसले, आणि क्लॅरिनेट ओठांना लावण्याआधी मांडीवर धरून त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

मग स्वतःचा दम घेतला. खांदे जेमतेम हलले.

पाच सूर आले. थांबले. त्यांनी श्वास घेतला, चार सूर आले. चाल जुनीच होती, पण आता तिला जागोजाग खिडक्या होत्या. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर खोकल्याची उबळ आली आणि ओळ अर्धीच तुटली. नूपुरचे हात कॅमेऱ्यावर घट्ट झाले.

शेजारी ट्रम्पेट वाजवणारा चाळीशीचा माणूस होता. त्यानं वळूनही पाहिलं नाही. तुटलेला सूर उचलला आणि ओळ पुढे नेली. तिच्या शेवटाला ढोलवाल्यानं एक थाप जास्तीची दिली. रुपरावजी खोकत होते आणि खोकता खोकता हसत होते. हात वर करून, "वाजवा गा, वाजवा," असं म्हणत होते. पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि पुढच्या ओळीला परत त्यांच्यात सामील झाले. समोर बायकांत बसलेल्या सुभद्राकाकू शेजारणीला कोपरानं ढोसून काहीतरी सांगत होत्या.

हाच तो शेवट, हे नूपुरला तिथं उभ्या उभ्या कळलं.

ऋषी खांबाला टेकून उभा होता. हेडफोन कानांवर, डोळे मिटलेले. तो बराच वेळ तसाच ऐकत राहिला. तिला त्याच्याजवळ जायची भीती वाटली, तरी ती गेली आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

"काय ऐकू येतं?"

त्यानं डोळे उघडले. हेडफोन काढून मानेवर घेतले.

"दोन म्हाताऱ्या भांडून राहिल्या," तो म्हणाला. "एक लेकरू झोपेला आलं आहे. आणि पलीकडच्या पंगतीत कोणीतरी केव्हाचं वरण मागून राहिलं, त्याला कोणी वाढतच नाही."

त्यानं यंत्र बंद केलं, आणि दोघं जेवायला गेले.